चुकांचा रकाना

माझं शिक्षण चौथीपर्यंत. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी शुद्धलेखन काढायला नको. धरमतरच्या खाडीवर एका कंपनीची जेटी आहे, तिथे मी मुकादम. बार्जमधून कोळसा उतरवताना क्रेनवर कोण बसेल आणि बार्जच्या पोटात कोण उतरेल, हे मी ठरवतो. वय झालं तरी कंपनीने ठेवलंय. उपकार म्हणून नव्हे, पाणी मला कळतं म्हणून.

शिमगा झाला आणि रोह्याच्या ऑफिसातून तीन फॉर्म आले. क्रेनवर तीन कंत्राटी ऑपरेटर होते. त्यातला एक परमनंट होणार, आणि कोण ते मुकादमाच्या शेऱ्यावर ठरणार. एक ते पाच मार्क द्यायचे, खाली दोन रकाने. एकात चांगले गुण लिहायचे, दुसऱ्यात सुधारणा हवी अशा गोष्टी. सून म्हणाली, "मामंजी, मी लिहून देऊ?" म्हटलं, "माझा हात मोडला नाय."

पहिला ऑपरेटर उत्तरेकडचा. घरदार सोडून इतक्या लांब आलेला माणूस, त्याला काय नावं ठेवायची? लिहिलं, स्वभाव चांगला, वेळेवर येतो. चार मार्क. दुसरा कंत्राटदाराचा मेव्हणा. लिहिलं, नम्र आहे. त्यालाही चार.

तिसरा आमच्याच बाजूच्या गावातला, भातशेतीवाल्या घरातला. अकरा वर्षं माझ्या हाताखाली. लिव्हर कसा धरायचा इथपासून मीच शिकवलेला. त्याचा चुकांचा रकाना भरला, मग कागद उलटून मागेही लिहिलं. सांगितल्याशिवाय दोराला ग्रीस लावत नाही. हेल्मेट काढून बाजूला ठेवतो. काम करताना बोलतो. चांगल्या गुणांत एक आडवी रेघ ओढली. दोन मार्क दिले आणि सही ठोकली.

आमच्यात असंच. चूक आपल्या माणसाची काढायची. आपल्याच माणसाला चारचौघांत चांगलं म्हणायला लाज वाटते, आणि दृष्टही लागते. माझ्या बापाने जन्मात मला शाबासकी दिली नाही. एक दिवस होडीचं सुकाणू माझ्या हातात दिलं आणि स्वतः पुढे जाऊन पाठ करून बसला. मला समजायचं ते समजलं.

आठवड्याने तो ऑपरेटर माझ्याकडे आला. "मुकादम, रोह्याहून फोन होता. परमनंटला माझं नाव नाय. कंत्राटपण पुढं वाढंल का सांगता येत नाय म्हणतात."

"का म्हणून?"

"शेरा तुमचा हाय. तुम्ही लिवलंत ते खरंच असंल."

भांडला असता तर बरं झालं असतं.

घरी आलो, पण बसवेना. अंगणात जा, आत ये. पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचा आणि तसाच खाली ठेवायचा. बायको तांदूळ निवडत होती. "काय ओ, बसा की जरा. तुमच्यामुळं मला गरगरायला लागलं."

"माझं मी बघून घेईन."

"लिवलंत तुम्ही नि फेऱ्या पण तुम्हीच मारताय. जाऊन सांगा की त्यांना."

"माफी मागायला जाणार नाय मी."

"मग फिरत ऱ्हावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी जित्याला गाडी पकडली. पेणला गाडी थांबली तर मी उठून दारात. कासूला परत दारात. शेजारचा म्हणाला, "आजोबा, रोहा शेवटचं स्टेशन हाय, चुकायचं नाय." नागोठण्याला तर खाली उतरलोच. म्हटलं, जावं परत, आपलं लिहिलेलं आपण कशाला खोडा? पण परतीची गाडी दुपारशिवाय नव्हती. तेवढा वेळ फलाटावर उभा राहिलो असतो तर वेडा झालो असतो. सुटत्या गाडीत पुन्हा चढलो.

ऑफिसातल्या मॅडम पुण्याच्या, माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी फॉर्म पुढे ठेवला.

"काका, दोन मार्क तुम्हीच दिलेत."

"दिले. त्यातली एकपण चूक खोटी नाय."

"मग काय बदलायचं?"

"काय नाय. पण घ्यायचा तर तोच घ्या."

त्या हसल्या. मी उठलो, चपलेत पाय घातले. "बसा हो," त्या म्हणाल्या. "मला खरंच समजून घ्यायचंय. बाकी दोघांच्या काहीच चुका नाहीत?"

"असतील चिकार. ते परके. घरी आलेल्या पाहुण्याला, तुमचा सदरा मळलाय, असं सांगता काय तुम्ही?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हा फॉर्म बाहेरच्या देशातून येतो. आम्ही नुसतं मराठी करून पाठवतो. हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही." मग म्हणाल्या, "काका, तुमच्यासारख्याला विचारायचं तरी कसं?"

मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो होतो. तिथूनच बोललो. "असं विचारा. ओहोटी लागली, बार्ज चिखलात टेकून कललीय, पोटात चार माणसं हायत. तिघांतल्या कोणाला क्रेनवर चढवाल?"

"कोणाला?"

"त्याला. दुसरा कोण वर असंल तर मी स्वतः खाली उतरणार नाय."

त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात स्वतः जेटीवर आल्या. मार्क बाजूला ठेवून बार्जमधल्या कामगारांनाही एकेकाला तोच प्रश्न विचारला. सगळ्यांचं बोट एकाच्याच दिशेने.

तो परमनंट झाला. पण कंपनीचा नियम असा की शेरा त्या माणसाला वाचून दाखवायचा. मॅडमनी माझं वाक्य सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. मी दोरखंडाची गाठ तपासत बसलो. चांगली घट्ट गाठ होती ती.

पत्र खिशात घालून तो माझ्या मागे शेडपाशी आला.

"मुकादम, माझं काय चुकलं काय?"

"का रे?"

"अकरा वर्षांत असं कधी बोलला नाय तुम्ही. परक्या माणसावानी. मला सोडलंत काय?"

सोडलं नाय, असं सांगायचं होतं. शब्द तोंडाशी आले होते. तेवढ्यात भरतीवर एक बार्ज धक्क्याकडे वळताना दिसली.

"बार्ज लागतेय," मी म्हणालो. "वर चढ."

तो चढला. मी खाली उभा राहून मान दुखेपर्यंत वर बघत होतो. आता रोज कामावर तो माझ्यासमोर येऊन उत्तरासाठी क्षणभर थांबतो, आणि मी कुठलं तरी काम काढून दुसरीकडे चालू लागतो.