तीन पेट्या आणि एक कडं

“आठे नही,” म्हणजे इथे नाही, असं अक्का म्हणाल्या, आणि मी नुकताच उभा केलेला पुठ्ठा त्यांनी घडी करून माझ्या हातात परत दिला.

मी पारोळ्याच्या बाजूच्या एका गावात, एका घराच्या मधल्या खोलीत उभी होते. बाहेर मे महिन्याचं खानदेशी ऊन. आत पंखा, पण तोही गरम वारा ढकलत होता. माझ्याबरोबर सहकारी शेखसर, एक पोलीस आणि एक व्हिडिओवाला. समोर पलंगावर अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या अक्का, त्यांच्या बाजूला मुलगा नाना, दारात सून आणि नातसुना, खिडकीत शेजार.

मी मूळची शिवणकाम शिकवणारी. जळगावला सरकारी आयटीआयमध्ये नोकरी. पण निवडणूक लागली की आम्ही सगळेच काही दिवस पोलिंग ऑफिसर होतो. गेल्या लोकसभेला मला होम व्होटिंगचं काम आलं. पंच्याऐंशीच्या पुढच्या मतदारांना केंद्रावर येणं जमत नसेल, तर फॉर्म भरून घरी मत देता येतं. आम्ही घरी जातो, पुठ्ठ्याचा तीन बाजूंनी बंद असलेला आडोसा उभा करतो, आणि त्याच्याआड मतदार कागदी मतपत्रिकेवर पेनानं खूण करतो. कागद पाकिटात, पाकीट चिकटवून दुसऱ्या पाकिटात, आणि ते सीलबंद पेटीत. काम सरळ आहे. निदान ट्रेनिंगमध्ये तरी तसंच सांगतात.

“अक्का, मत द्यायचं नाही का तुम्हाला?” मी विचारलं.

“देनं शे ना. मी शायामा जाईसन देसू. दर येळले शायामाच देस मी.”

नाना घाईनं म्हणाले, “अहो मॅडम, दोन्ही गुडघे गेलेत तिचे, शाळेतल्या केंद्रापर्यंत कशी जाणार? म्हणून तर मी फॉर्म भरला.”

अडचण इथेच होती. कारण हा फॉर्म एकदा मंजूर झाला की मतदार यादीत नावापुढे पीबी अशी खूण बसते, म्हणजे पोस्टल बॅलट. मग त्या माणसाला केंद्रावर मत देता येत नाही. आम्ही जास्तीत जास्त दोनदा घरी येतो. आणि ही आमची दुसरी फेरी होती. पहिल्या फेरीला अक्का लेकीकडे धुळ्याला गेल्या होत्या.

मी ते सगळं अक्कांना समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

“म्हंजे आज आठे नही दिन्हं, तं मंग कोठेच नही?”

“कुठेच नाही, अक्का.”

त्यांनी नानांकडे बघितलं. “तू माले इचारं व्हतं का?”

“सही केली होती ना तू, माय?”

“तू सांगं, गुडघासना दाखला शे म्हनीसन.”

साठीचा माणूस, गावात मान असलेला, पंख्याचं बटण बघत बसला. मला हसू येत होतं आणि रागही येत होता. एका माणसाचं मत त्याला न विचारता गुडघ्याच्या दाखल्यात गुंडाळून टाकलं होतं, आणि आता ते वाचवायचं काम माझ्याकडे आलं होतं.

“पण घरी द्यायला हरकत काय आहे?” शेखसरांनी मऊ आवाजात विचारलं.

अक्कांनी हात फिरवून खोलीतली सगळी माणसं दाखवली. “घरना बठ्ठा उभा. खिडकीमा गाव. आसं मत देवाव, तं मंग दवंडीच पिटी द्या ना.”

आणि मग त्यांनी आम्हाला त्यांचं पहिलं मत सांगितलं.

ते एकोणीसशे सत्तावन्न साल. दुसरी लोकसभा. जळगाव तेव्हा पूर्व खानदेश जिल्ह्यात आणि आपण सगळे मुंबई राज्यात. अक्कांना नुकतीच एकवीस पूर्ण झालेली, म्हणजे तेव्हाच्या नियमाप्रमाणे पहिलंच मत. त्याआधीच्या, पहिल्या निवडणुकीत त्यांच्या सासूचं मत गेलं होतं. यादी करायला माणूस आला तेव्हा सासूनं स्वतःचं नावच सांगितलं नाही, अमक्याची बायको एवढंच लिहा म्हणाली, आणि तशी नावं नंतर यादीतून उडाली. म्हणून अक्कांनी स्वतःचं नाव खणखणीत सांगितलं होतं. सासरे, म्हणजे आबा, तेव्हाच नाराज झाले होते.

त्या वेळी मत देण्याची पद्धत आजच्यासारखी नव्हती. मतपत्रिकेवर कोणाचंच नाव नसायचं. पडद्यामागे प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी, पेटीवर त्याचं चित्र. आत एकट्यानं जायचं आणि आपल्याला हव्या त्या पेटीत कागद टाकायचा. त्यांच्या केंद्रावर तशा तीन पेट्या ओळीनं मांडल्या होत्या. आबांनी घरातल्या सगळ्या बायकांना पेटी आधीच सांगून ठेवली होती, आणि स्वतः पडद्याशी येऊन बसले होते.

“मास्तर व्हता धुयाना,” अक्का म्हणाल्या. म्हणजे धुळ्याचे शाळामास्तर, त्या केंद्राचे अधिकारी. “बारका माणूस. त्यानी आबासले सांगं, पाटील, बाहेर व्हा. आबासले! गावमा कोनी त्यासले बस म्हने नही, आनि त्यानी ऊठ सांगं.”

आबा उठले. पण मास्तर त्यांना खोलीतून घालवू शकत होते, गावातून नाही. आबा बाहेरून वळसा घालून आले आणि पेट्या होत्या बरोबर त्याच भिंतीच्या खिडकीखाली जाऊन बसले. कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या भरलेले बायकांचे हात, खाली लोखंडी पेटी. कागद टाकला की बांगडी वाजायची, आणि डावीकडे वाजली की उजवीकडे, ते बाहेर कळायचं. अक्कांच्या आधी थोरली जाऊ आत गेली. ती बाहेर आली तसं आबांनी तिला तिथेच विचारलं, “शेवटनी पेटी का वं?” जावेचा चेहरा पांढराफटक पडला.

“मंग मी गऊ,” अक्का म्हणाल्या. “तिन्ही पेट्यासवर बांगड्या वाजाड्यात. एकवर वाजाडी, दुसरीवर वाजाडी, तिसरीवर वाजाडी. परत उलट्या. मधमा कधी कागद टाका, ते मना मालेच माहीत.”

“आबा काय म्हणाले?”

“म्हने, मतं देवाले गयथी का खेयाले?”

खेळायला. रांगेतल्या बायकांनी ते ऐकलं, आणि त्यांना जे समजायचं ते समजलं. त्यानंतर दिवसभर आतून तिन्ही पेट्या वाजत राहिल्या. आबा थोड्या वेळानं उठून घरी गेले म्हणे.

मला त्या क्षणी काम, उकाडा, पुढची घरं, सगळं विसरायला झालं. मी खूप केंद्रांवर काम केलंय, पण गुप्त मतदान म्हणजे काय ते मला कोणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. त्याच लोकसभेनं पुढे आपल्या महाराष्ट्राचा कायदा पास केला, हेही अक्कांना ठाऊक होतं. “आम्ही बाया मुंबई राज्यमा मत दी ऊनूत. ती लोकसभानी मुदत सरानी आधीच आम्ही महाराष्ट्रमा. चूलबी सोडी नही,” त्या म्हणाल्या. त्यात आपला वाटा आहे याबद्दल त्यांच्या मनात काडीची शंका नव्हती.

इतक्यात सेक्टर ऑफिसरांचा फोन आला.

“मॅडम, किती वेळ? पुढची घरं वाट बघतायत. नकार म्हणून लिहा आणि निघा.”

“सर, नकार नाही. अट आहे.”

“कसली अट?”

“घरचे बाहेर हवेत.”

“मग काढा की बाहेर.”

“घर त्यांचं आहे, सर.”

“तेवढं तुम्ही बघा,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. साहेब असावं तर असं.

नानांनी तेवढ्यात नवीन खुसपट काढलं. “मॅडम, तिची नजर कमी आहे. अशा वेळी सोबत्यानं खूण केली तर चालते ना? मी करतो.” नियमात तशी सोय आहे, हे खरं. पण ती मतदाराला गरज असेल तर. मी अक्कांकडे बघितलं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून त्या दिवसाची तिथी, वार आणि खाली छापलेलं किराणा दुकानाचं नाव पत्त्यासकट वाचून दाखवलं. शेवटी म्हणाल्या, “प्रौढ शिक्षणना वर्गमा गयथू मी. तू तव्हय गोट्या खेये.”

मग मी पुढे झाले. “नाना, आता ही खोली मतदान केंद्र आहे. सगळ्यांनी बाहेर व्हायचं.”

“मॅडम, हे माझं घर आहे.”

“मत झालं की परत देते.”

मला खरं सांगायचं तर थोडी भीती वाटली होती. पण धुळ्याच्या त्या बारक्या मास्तरांना वाटली असेल तिच्या मानानं काहीच नाही. नाना उठले. त्यांच्यामागे बायका गेल्या. पोलिसानं दार लोटलं, शेखसरांनी खिडकी लावून घेतली. खोलीची भट्टी झाली.

अक्का खिडकीच्या फटीतून बाहेर बघत होत्या. “नाना वट्टावर बठना,” त्या म्हणाल्या. नाना खिडकीखालच्या ओट्यावर बसले होते. “आबासना नातू शोभस.”

राहिला व्हिडिओवाला. त्याला बाहेर काढता येत नव्हतं. सगळ्या कामाचं रेकॉर्डिंग करावंच लागतं, फक्त खूण दिसता कामा नये. “तो पाठीमागे उभा राहील,” मी म्हणाले, “कागद दिसणार नाही.”

“कागद नही दिसाव. कोपर दिसीन ना.”

मतपत्रिकेवर नावं वरपासून खालपर्यंत असतात. कोपर वर थांबलं की खाली, यावरून अंदाज बांधता येतो. इतकी वर्षं हे काम करून माझ्या डोक्यात ते कधी आलं नव्हतं.

“राहू द्या त्याले,” अक्काच म्हणाल्या. “त्यानं मी देखी लेस.” त्याचं त्या बघून घेणार होत्या.

पलंगासमोर पत्र्याची ट्रंक होती, तिच्यावर मी पुठ्ठा उभा केला. मतपत्रिका आणि पेन दिलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. शेखसर छताकडे बघत होते. अक्कांच्या हातात आता काचेच्या बांगड्या नव्हत्या, चांदीचं एकच जाड कडं होतं.

टक्. पहिल्या नावापाशी असावं, कडं ट्रंकेवर आपटलं. मग टक्, जरा खाली. प्रत्येक नावापाशी थांबून, वाचून, टक्. शेवटपर्यंत. मग खालून वर, तसंच. मग पुन्हा वरून खाली. घाई अजिबात नाही. माझे डोळे भरून आले, आणि ते घाम पुसल्यासारखं करून मी पुसले.

कागदाची घडी घालून त्यांनी स्वतः पाकीट चिकटवलं. “पेटी कोठे शे?” आम्ही पेटी त्यांच्यासमोर धरली. पाकीट आत पडल्याचा आवाज त्यांनी कान देऊन ऐकला, आणि मग म्हणाल्या, “आते दार उघाडा. नानाले चहा ठेवाले सांगा.”

मी नानांना घर परत केलं. चहा घेऊन आम्ही जीपपाशी आलो तेव्हा ते सोडायला आले.

“मॅडम, आतून सारखं टकटक ऐकू येत होतं.”

“हो. ट्रंकेवर कडं लागत होतं.”

“कोणाला दिलं असेल हो तिनं?”

“मी पाठमोरी होते.”

नाना हसले. पहिल्यांदाच मोकळेपणानं. “आबा विचारत विचारत गेले. दादा, माझे वडील, तेही गेले. आता माझी पाळी.”

आता नव्या लोकांना ट्रेनिंग देताना मी त्यांना सांगते की पुठ्ठा उभा केला म्हणजे मतदान गुप्त झालं असं समजू नका. आधी घरचे बाहेर काढा, मग खिडकी लावा, मग खिडकीखाली कोण बसलंय ते बघा. बाकीचं मतदार बघून घेते.