अक्काची भट्टी

"भट्टी पेटली गं!" असं ओरडून अक्का डोक्यावरची टोपी काढायची, पदरानं मान पुसायची आणि पॅकिंग खात्यातला एकुलता एक स्टँडचा पंखा सरळ स्वतःकडे फिरवायची. पंखा सुपरवायझरच्या खुर्चीसाठी होता. पण सुपरवायझर म्हणजे नुकतं लग्न ठरलेलं लाजरं पोरगं. त्यानं धीर करून एकदा विचारलं, "अक्का, पंखा सारखा तिकडंच का?"

"साहेब, पाळी जायला लागली की बाईच्या अंगात आग सुटती. तुमच्या आईलाबी सुटत असंल. घरी जाऊन इचारा."

साहेब कानापर्यंत लाल झाले. पण पोरानं घरी विचारलं असावं, कारण पुढच्याच आठवड्यात खात्यात दुसरा पंखा आला. कशासाठी ते कुणी बोललं नाही, आणि अक्कानं दोन्ही पंखे आपल्याकडे फिरवले.

वाळूजच्या त्या कंपनीत आम्ही बायका औषधाच्या गोळ्यांची पाकिटं भरायचो. अक्का आमच्यात वयानं मोठी, म्हणून सगळ्यांची अक्का. तुमच्याही पाहण्यात अशी एखादी बाई असेल, जिच्या तोंडाची भीती वाटते पण डबा तिच्याच शेजारी बसून खावासा वाटतो. आम्ही पाळीला 'अडचण' म्हणायचो, 'कावळा शिवला' म्हणायचो. अक्का पाळीच म्हणायची, तेही जेवणाच्या सुट्टीत, वर वाढप्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

ती बौद्ध समाजातली. विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चात पोलिसांनी तिला धरून नेलं होतं, आणि नेमकी कोठडीत तिची पाळी आली. सगळ्या बायका माना खाली घालून बसल्या. अक्कानं गज वाजवून पहाऱ्यावरच्या शिपायाला हाक मारली, "दादा, पाळी आली, कपडा दे!" तो बिचारा पळत गेला आणि स्वतःचा धुतलेला टॉवेल घेऊन आला. ही गोष्ट अक्का नेहमी सांगायची आणि शेवटी म्हणायची, "लई चांगलं लेकरू. आईनं चांगलं वळण लावलं व्हतं."

आता माझं ऐका. चाळिशी ओलांडली आणि माझी पाळी बिघडली. कधी दोन महिने पत्ता नाही, कधी आली की थांबायचं नाव नाही. अंगात रक्त राहिलं नाही, जिना चढले तरी दम लागायचा. पण पुंडलिकनगरच्या आमच्या घरात खरी पंचाईत वेगळीच होती. सासूबाई पाचोडकडच्या, सगळी हयात शेळ्या-मेंढ्यांमागं गेलेली आणि विटाळाच्या भारी कडक. मी बाहेर बसले की भाकरी त्यांना थापाव्या लागायच्या. महिन्यातून पंधरा-पंधरा दिवस त्यांच्या मागं चूल लागली. शेवटी त्याच मला एका खासगी डॉक्टरकडे घेऊन गेल्या. त्यानं जेमतेम तपासलं आणि सांगितलं, पिशवी खराब झालीय, काढून टाका, दोन्ही बाजूंचे बीजकोशही काढू, कटकटच मिटेल. सासूबाईंना ते लगेच पटलं. आमच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, मान हलवली. ऑपरेशनचा वारसुद्धा ठरला. मला ते नको होतं, पण घरात माझं ऐकतो कोण?

अक्काला सांगितलं तर ती माझ्यावरच खेकसली. "पिशवी म्हंजी काय बाजाराची पिशवी हाय व्हय? फाटली, फेकून दिली!" दुसऱ्याच दिवशी तिनं मला रजा टाकायला लावली आणि सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंपुढं नेऊन बसवलं. बाईंनी नीट तपासलं, आतलाही तपास करून घेतला. गाठ नाही, वाईट काही नाही. रक्त कमी झालंय त्याच्या गोळ्या घ्या, रक्तस्राव आटोक्यात राहायला औषध देते, म्हणाल्या. पाळी जायच्या आधी काही वर्षं असं होतं. गरज नसताना या वयात बीजकोश काढले तर हाडं ठिसूळ होतात, हृदयालाही ते चांगलं नाही. पाळी पुरती गेल्यावर वर्षभरानं थेंबभर जरी रक्त दिसलं तर मात्र त्याच दिवशी यायचं, हेही त्यांनी बजावलं.

परवा पेपरात या विषयावर पानभर लेख होता. आता संशोधक म्हणतात, ही आग अंगातली नसतेच मुळी. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी जी जागा आहे तिचा हिशेब चुकतो, आणि हा घोळ एकदोन महिने नाही, कितीतरी वर्षं चालू शकतो. अक्का असती तर म्हणाली असती, "मंग पंखा डोस्क्याला लावा की!"

असो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते मला पटलं, पण सासूबाईंना कोण पटवणार? "मी येते," अक्का म्हणाली. तेव्हा नामांतराचं वातावरण शहरात तापलेलं होतं आणि आमच्या घरात अक्काच्या समाजाचं कुणी उंबऱ्याच्या आत आलेलं नव्हतं. मी नको नको म्हणत होते. अक्का संध्याकाळी दारात हजर.

"माय, सून बाहेर बसली का भाकरीचे वांधे व्हतेत म्हणं. मी आले थापायला. माझी पाळी जाऊन वरीस झालं. एकदम चोख हाय मी."

सासूबाईंचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता! अक्का कुठल्या समाजाची हे माझ्याकडून त्यांना ठाऊक होतं; विटाळशी सून चुलीपाशी नको, आणि ही तर त्याहून नको. पण ते हिच्या तोंडावर बोलायचं कसं? मालक आतल्या खोलीत उगाच खोकत होते. बराच वेळ पदराशी चाळा करून सासूबाई म्हणाल्या, "नगं, नगं. तीच करंल."

"विटाळात?"

"करंल म्हणले ना!"

"मंग पिशवी कशापायी काढतीस, माय?"

सासूबाई पेचात सापडल्या. त्या भडकल्या, मग एकदम उंबऱ्यावरच खाली बसल्या. "तुमाला काय म्हायती? माझ्या अंगात देवी यायची. सारी वस्ती लिंबं घिऊन पाया पडायची. एकदा थोरल्या जावंनं विटाळात माझ्या घागरीला हात लावला, म्या बघून न बघितल्यासारखं केलं. तवापासून ती आलीच नाय. रुसली. पंचवीस वर्सं झाली." हे मी लग्न होऊन आल्यापासून कधीच ऐकलं नव्हतं.

"अंगात येताना कसं व्हायचं?" अक्कानं विचारलं.

"पोटातून जाळ उठायचा. कानशिलं तापायची. घाम, थरथर, छातीत धडधड."

"आन पाळी कवा गेली?"

सासूबाईंनी आठवून पाहिलं. "त्याच टायमाला."

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. देवी-बिवी काही न मानणारी बाई, आता हिच्या तोंडून काय निघेल! पण अक्का सासूबाईंच्या शेजारी उंबऱ्यावर टेकली. "माय, ह्यो जाळ मलाबी उठतोय. रोज, कंपनीत. पाळी जाताना समद्या बायांना उठतो, आन मंग आपोआप इझतो. कुणाच्या हात लावण्यानं नाय."

सासूबाई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "म्हंजी ती माझ्यावर रुसली नाय?"

"कशाला रुसंल? तुझं वय झालं, तिचंबी झालं असंल. बाईच हाय की ती!"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. हसतायत की रडतायत ते मला कळेना. दोन्ही चाललं होतं. मग म्हणाल्या, "आत ये. दारात किती येळ बसशील?"

अक्कानं भाकरी थापल्या, आणि काय सांगू तुम्हाला, सगळ्या करपवल्या. सासूबाईंनी एक तुकडा मोडून खाल्ला. "विद्यापीठाचं नाव बदलाया निघालीस, आन भाकर यीना व्हय तुला?" रात्रीच्या जेवणाला त्यांनी मालकांना सांगून टाकलं, सुनेला कापायचं नाही, तिचं वय झालंय. माझी पिशवी अजून जागच्या जागी आहे, आणि पाळी पुढं आपणहून गेली.

नामांतर झालं तेव्हा अक्का पेढे घेऊन आली आणि सासूबाईंनी दोन खाल्ले. त्यानंतर तीन-चार वर्षांतच अक्का झोपेतच गेली. तिचं काही दुखतंय हे आम्हाला कळलंसुद्धा नाही. मी रडत घरी आले आणि सासूबाईंना सांगितलं. त्या ताटावर बसल्या होत्या. त्यांनी ताट बाजूला सारलं.

"नंबर माझा व्हता," त्या म्हणाल्या. "मधीच घुसली मेली."