गादीखालचे चिरे

१९८३ सालच्या दसऱ्याला, सकाळी, आमच्या पडवीत मी त्याला नऊ हजार रुपये दिले. हजर माणसं चार: मी, तो, माझा मेव्हणा, आणि आत माजघरात खाटेवर आडवी असलेली माझी बायको. मधलं दार मी मुद्दाम उघडं ठेवलं होतं. व्यवहार तिच्यासाठी होता, तेव्हा तो तिच्या कानांवर पडावा असं मला वाटलं. त्याने नोटा कपाळाला लावून खिशात घातल्या आणि दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "वहिनी, मिरजेपर्यंत पोटातलं पाणी हलणार नाही!"

हे त्याचं नेहमीचं वाक्य. कुणाच्या मुलीची सोयरीक असो, कुणाचं बँकेतलं काम असो, की पावसाळ्यापूर्वी कौलं परतायची असोत, तो एक हात पोटावर सपाट ठेवायचा आणि हेच म्हणायचा. तुमच्याही आळीत असा एक जण असेल. त्याला कुणी बोलावलेलं नसतं, पण तो आल्यावर सगळ्यांना हायसं वाटतं.

तो आमच्यापासून तिसऱ्या घरात राहायचा. वीस वर्षं बोटीवर, स्वयंपाकघरात काढलेली. परत आला तेव्हा पन्नाशीही झाली नव्हती. बोटीवरचे किस्से इतके सांगायचा, की आळीतल्या बायका त्याला भाजी कशी चिरायची ते विचारायच्या आणि पुरुष वादळाबद्दल. तो दोन्ही प्रश्नांना सारख्याच गांभीर्याने उत्तर द्यायचा.

माझ्या बायकोच्या मणक्याला क्षय झाला होता. काखेपासून कमरेखालपर्यंत प्लास्टरचं जाकीट, रोजच्या गोळ्या, आणि दर महिन्याला मिरजेच्या डॉक्टरांना दाखवायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, प्रवासात बसवायचं नाही, आडवंच आणायचं, आणि धक्का बसता कामा नये. रत्नागिरीहून मिरज म्हणजे आंबा घाट धरून एकशे ऐंशी किलोमीटर. एस.टी.चा प्रश्नच नव्हता. दर महिन्याची रुग्णवाहिका माझ्या पगारात बसत नव्हती. तेव्हा आत झोपायची सोय असलेली एक मुक्कामाची गाडी त्याने शोधून काढली.

पुण्याच्या एका गृहस्थांनी ती कुटुंबासकट देश हिंडायला बांधून घेतलेली होती. आत समोरासमोर दोन बाक, मधली फळी ओढली की दोघांचा पलंग. स्टोव्हसाठी पत्र्याचा ओटा, खिडक्यांना पडदे. गृहस्थ थकले, गाडीही थकली. किंमत अठरा हजार. निम्मे त्याचे, निम्मे माझे, गाडी त्याच्या नावावर. महिन्यातला मिरजेचा दिवस आमचा. बाकीचे दिवस त्याने गणपतीपुळे-मालगुंडला पाहुणे न्यावेत आणि खर्च वजा जाता उरेल त्यातलं निम्मं मला द्यावं. माझी एकच अट होती, गाडीत माल भरायचा नाही. मेव्हण्यासमोर तो म्हणाला, "माल? भाऊ, ही काय बैलगाडी आहे?"

पहिल्या महिन्यात त्याने त्या गाडीची जी सेवा केली, ती मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. मागच्या चाकांवर लोखंडी पाट्यांची चवड असते, त्या पाट्यांवर गाडी झुलते. त्याने प्रत्येक चवडीतला एक पाटा काढून टाकला, उरलेले घासून त्यांत ग्रीस भरलं, झिजलेले रबर बदलले. मग मला म्हणाला, "झोपा."

"मी?"

"मग काय वहिनींवर प्रयोग करू?"

मी कचेरीच्या कपड्यांत त्या पलंगावर उताणा झोपलो आणि त्याने हातखंब्यापर्यंत गाडी नेऊन परत आणली. प्रत्येक खड्ड्यानंतर पुढून ओरडायचा, "कंबर की मान?" मी सांगायचो. "आता?" "मान." "हां, मग हवा जास्त आहे." उतरून चाकातली थोडी हवा सोडायचा. नाक्यावर लोक थांबून बघत होते. एकाने विचारलंच, "कुणाला नेताय? गेले की आहेत?"

प्रवासाच्या दिवशी तो ओट्यावर ओला पंचा अंथरायचा आणि त्यावर काठाला बोटभर कमी भरलेला पाण्याचा पेला ठेवायचा. बोटीवर समुद्र खवळला की ताटं घसरू नयेत म्हणून टेबलावर असंच ओलं कापड घालत. "वहिनी, पेल्यावर लक्ष ठेवा. सांडलं तर मला शिव्या." ती आडवी पडून पेला बघत राही. घाटातल्या वळणावर पाणी काठाशी येई, थबके, परत जाई. मिरजेला पोचल्यावर ती म्हणायची, "दोन घोटसुद्धा सांडलं नाही हो." मग तो पेल्यातलं पाणी स्वतः पिऊन टाकायचा. फाल्गुनापर्यंत अशा पाच खेपा झाल्या. पाचही वेळा मी मनात म्हटलं, की नऊ हजार इतके चांगले आपण आयुष्यात कधी खर्च केले नव्हते.

एप्रिलच्या खेपेला गाडीत वाळकं गवत सापडलं. बायको म्हणाली, "आंब्याचा वास येतोय." तो म्हणाला, "पाहुण्यांनी पेटी नेली एक. मुंबईची माणसं, हपापलेली." पेला ओट्यावर होता आणि त्यातलं पाणी नेहमीसारखंच शांत होतं. गाडी मात्र चढाला धापा टाकत होती आणि वळणावर जडपणे कलत होती. साखरपा सोडल्यावर घाटात इंजिन तापलं. तो बादली घेऊन झऱ्याकडे गेला. बायकोला तहान लागली होती, म्हणून बाकाखालचा पाण्याचा डबा काढायला मी पडदा उचलला.

डबा नव्हता. जांभ्या दगडाचे चिरे होते. घर बांधतात ते. गोणपाटात गुंडाळून, एकाला एक लावून, हलू नयेत म्हणून फटींत काथ्या ठोसलेला. दोन्ही बाकांखाली मिळून चौदा. एक चिरा उचलायचा तर दोन्ही हात लागतात आणि कंबर जपावी लागते.

तो बादली घेऊन आला.

"हे काय आहे?"

"चिरे."

"चिरे आहेत ते मलाही दिसतंय. माझ्या बायकोच्या गादीखाली कशाला?"

"वहिनींसाठीच, भाऊ." त्याने बादली खाली ठेवली. "रिकामी गाडी उडते आता. वजन टाकलं की बसते."

"आता म्हणजे? पाटे वाढवलेत तुम्ही?"

"दोन. म्हणजे... तीन. एक लहान आहे."

मग सगळं बाहेर आलं. मालगुंडला त्याच्या साडूची कलमं होती. हापूसच्या पेट्या मुंबईला न्यायला मोसमात ट्रक मिळत नाहीत. या गाडीत फळी काढली की साठ पेट्या बसत होत्या, पण मऊ पाट्यांवर एवढं वजन घेतलं की मागचा भाग चाकांवर टेकायचा. म्हणून त्याने दोन्ही बाजूंना पाटे चढवले. पेट्या भरल्या की गाडी झकास चालायची. रिकामी असली की दगडासारखी आदळायची. मिरजेच्या दिवशी पेट्यांऐवजी चिरे.

"दीड महिन्यात वर्षाचं निघतं, भाऊ. तुमचा निम्मा वाटा आहेच की त्यात."

"मी माल नको म्हटलं होतं."

"आंबा काय माल आहे?"

आतून बायकोचा आवाज आला. "मला ऐकू येतंय हो सगळं."

तो ताबडतोब खिडकीशी गेला. "वहिनी, तुम्हीच सांगा. खरं सांगा. आज एकदा तरी धक्का बसला?"

तिने ओट्यावरच्या पेल्याकडे बघितलं. मग म्हणाली, "नाही बसला."

मी एक चिरा ओढून बाहेर काढला. चौदाच्या चौदा दरीत भिरकावून द्यायचे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तो मला अडवायला आला नाही. अडवलं तिने. पडल्या पडल्या, छताकडे बघत म्हणाली, "ठेवा तो परत. तुमचा राग मी पाठीत सोसणार नाही."

मी तो चिरा परत गोणपाटात गुंडाळला, जागेवर सरकवला आणि फटीत काथ्याही ठोसला. मिरजेपर्यंत आणि मिरजेहून घरापर्यंत ती त्या चिऱ्यांच्या जोरावर सुखरूप आली. मी तिच्या पायथ्याशी बसून होतो. माझ्या बुडाखाली त्यातले सात.

घरी उतरताना त्याने शब्द दिला. मेच्या तारखेआधी पाटे उतरवतो, गाडी पहिल्यासारखी करतो. मी विश्वास ठेवला. तुम्ही म्हणाल, कसा ठेवलात? तिला आडवं झोपवून नेईल अशी दुसरी गाडी माझ्याजवळ नव्हती हे एक. आणि ज्याने फटींत काथ्या ठोसला, त्याला तिच्या पाठीची काळजी नाही असं मला म्हणवेना.

मेमधली तारीख प्लास्टर काढण्याची होती. डॉक्टर त्याच्या दुसऱ्या दिवशी रजेवर जाणार होते. आदल्या दिवशी शेजारणीने तिचे केस विंचरून दिले. येताना नेसायचं लुगडं पिशवीत भरलं. आठ महिन्यांनी अंगाला पाणी लागणार, म्हणून तिने पिशवीत नवा साबणही टाकला होता. पहाटे पाचला निघायचं होतं. सात वाजले, आठ वाजले. मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको दारात आली आणि माझ्याकडे बघून पदर सारखा करू लागली.

"ते काल दुपारीच मुंबईला गेले. म्हणाले, भाऊंना सांगितलंय."

"नाही सांगितलं."

मग मी विचारलं, "किती पेट्या?"

"साठ," ती म्हणाली आणि रडायला लागली.

घरी आलो तेव्हा बायको तयार होऊन छताकडे बघत होती. मी सांगितलं. ती म्हणाली, "पिशवीतला साबण काढून ठेवा, मुंग्या लागतील."

ऐन वेळी रुग्णवाहिका मिळाली नाही, आणि डॉक्टर परत येईपर्यंत तीन आठवडे गेले. रत्नागिरीचा मे, वर पंखा, आत प्लास्टर. घाम खाली उतरायचा आणि तिथेच राहायचा. ती विणायची सुई प्लास्टरखाली सरकवून खाजवायची, आणि पुढे पुढे तेही बंद केलं, कारण सुई ओली होऊन बाहेर येऊ लागली. या तीन आठवड्यांत तिने त्याचं नाव काढलं नाही.

तो चौथ्या दिवशी आला. खांद्यावर आंब्याची पेटी. ती पडवीत ठेवून हात पुसत म्हणाला, "भाऊ, शेवटचा माल होता मोसमाचा. भाव पडत होता. उशीर झाला असता तर सगळंच गेलं असतं."

"इथे काय गेलं ते माहीत आहे?"

"आता डॉक्टर आले की लगेच नेतो. आजच पाटे उतरवायला..."

आतून ती बोलली. एवढे महिने त्याची बाजू घेणारी तीच होती. "त्यांना म्हणावं, पेटी उचला."

त्याने पोटावर हात नेला आणि तो तसाच खाली घेतला. पेटी उचलून गेला.

मेव्हण्याने टेम्पो आणला. भाताच्या पेंढ्यावर गाद्या घालून आम्ही तिला नेलं. प्लास्टर कापलं तेव्हा कमरेवर दोन जखमा निघाल्या. त्या श्रावणापर्यंत ओल्या होत्या. हाड मात्र नीट जुळलं होतं.

पुढे एकदा मी केस कापायला बसलो होतो. शेजारच्या खुर्चीतला माणूस हसत हसत कुणाला तरी किस्सा सांगत होता. बोटीवरचा एक जण होता म्हणे, त्याने एका आजारी बाईला चिऱ्यांवर झोपवून फुलासारखं मिरजेला नेलं. हा किस्सा गावभर झाला होता आणि तो त्यानेच सांगितला होता. त्यात साठ पेट्या नव्हत्या, मे महिना नव्हता. दुकानातले सगळे हसले. आरशात मला माझं तोंड दिसत होतं, म्हणून मी खाली बघितलं.

पुढच्या मोसमात हातखंब्याला एस.टी.ची वाट बघत उभा असताना ती गाडी समोरून गेली. पडदे काढलेले, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, फळ्यांच्या फटींतून छतापर्यंत पेट्या दिसत होत्या. रस्ता खड्ड्यांचा होता. गाडी प्रत्येक खड्ड्यात हळूच बसत होती आणि हळूच उठत होती. त्याने मला पाहिलं. हात वर केला, आणि मी बघतोय हे लक्षात आल्यावर त्याच हाताने केस मागे सारले.

त्या वर्षी गणपतीनंतर तो मुलाकडे मुंबईला कायमचा गेला. जाण्याच्या आदल्या दिवशी, मी कचेरीत असताना, आमच्याकडे येऊन गेला. हे मला संध्याकाळी कळलं.

"आत घेतलंस?"

"पडवीत बसवलं. चहा दिला."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, वहिनी, चालता का आता? मी म्हटलं, बघा. आणि मी स्वयंपाकघरापर्यंत चालत गेले, परत आले."

"मग?"

"मग काय. बघत होते. डोळे पुसले. गाडी विकली म्हणाले."

तिने कपाटातून पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. त्यात चार हजार रुपये होते. ते देताना तो म्हणाला होता, "हे वहिनींचे. भाऊंचं भाऊंशी बघीन."

माझ्या नऊ हजारांचं तो काय बघणार होता, ते मला कधी कळलं नाही. मुंबईचा पत्ता त्याने दिला नाही, आणि घर आवरायला मागे राहिलेल्या त्याच्या बायकोकडे मागायला मी गेलो नाही. त्या व्यवहारातले परत आलेले पैसे एवढेच: चार हजार, माझ्या बायकोला. तिने पाकीट उचललं, परत कपाटात ठेवलं आणि किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली.