चंद्रकळेचा काळा

काळा रंग किती काळा असू शकतो, हे साऱ्या धाराशिव जिल्ह्यात केवळ माझ्या नणंदेच्या यजमानांनाच ठाऊक आहे, असे माझे ठाम मत आहे. आणि ठाम मते बाळगण्याची मला मुळीच सवय नाही. भावजी तुळजापूरच्या पुजारी घराण्यातले, पण जन्मभर त्यांनी शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर तरी हे देवळाकडे वळतील, अशी नातेवाइकांची अपेक्षा होती. ते वळले प्रिंटरकडे. तोही साधासुधा नव्हे. काळ्या शाईच्या जोडीला फिक्या-गडद करड्या शाया वेगवेगळ्या पिणारा, दोघांनी मिळून उचलावा लागणारा. त्यावर छापायचे काय, तर फक्त कृष्णधवल छायाचित्रे. “रंगीत फोटोत चूक खपून जाते, वहिनी,” ते मला सांगत, “इथं लपायला जागाच न्हाई.” महाविद्यालयात संस्कृत शिकवून निवृत्त झाल्यावर भीतभीत कॅमेरा हाती घेतलेली मी, त्यांची एकुलती एक विद्यार्थिनी.

आमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात शाई प्रिंटरच्या तोंडाशीच सुकते आणि छापलेल्या चित्रावर पांढऱ्या रेघा उमटतात. म्हणून त्या घरात ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ स्वयंपाकघरात नसे, प्रिंटरच्या शेजारी असे. टँकरची वाट पाहण्याच्या दिवसांतही त्या फडक्यावर पाणी शिंपडण्यात खंड पडला नाही. पाहुण्याने पाणी मागितले, की माझी नणंद शांतपणे म्हणे, “बसा हं, आधी प्रिंटरचं होऊ द्या.” छपाई चालू असताना मिक्सर लावायला बंदी होती. एकदा वन्संनी शेंगदाण्याची चटणी निमूटपणे उखळात कुटायला घेतली, तर “जमीन हादरतीय!” अशी आतून आरोळी आली. वन्सं मुसळ खाली ठेवून मला म्हणाल्या, “वहिनी, माझ्या केसांतला काळा गेला कुठं, म्हणून मी शोधत होते. यांनी काढून शाईत घातलाय बघा.”

खोल काळ्यासाठी भावजींनी जेवढे कागद पालथे घातले, तेवढ्यांत एखाद्या शाळेच्या वर्षाच्या परीक्षा झाल्या असत्या. खरबरीत कागदावर काळा धुरकट होई. चकचकीत कागदावर खोल उतरे, पण समोरची खिडकीच त्यात दिसे. अखेर अंगची मंद तकाकी असलेला एक कागद त्यांच्या मनास आला. कसोटीसाठी त्यांनी बेंबळीच्या एका धनगराचे छायाचित्र निवडले होते. डोक्यावरून काळी घोंगडी घेतलेला तो म्हातारा, आणि सारे चित्र त्या घोंगडीनेच भरलेले. “घोंगडी विहिरीसारखी काळी पाहिजे, आणि तरी तिची घडी न् घडी मोजता आली पाहिजे,” हा भावजींचा आग्रह. छापलेला कागद एक दिवस सुकू द्यायचा, मग अंगणात उन्हात ठेवायचा, मग खिडकीपाशी, मग ट्यूबलाइटखाली. कारण एका उजेडात सरळ दिसणारा करडा दुसऱ्या उजेडात गुलाबी होऊन दगा देतो. अंगणात ओळीने मांडलेले कागद पाहून शेजारीण कुंपणावरून विचारी, “काय हो सर, यंदा कुरडया काळ्याच घातल्या व्हय?” खुद्द तो धनगर एकदा आला असता त्याला ओळीने सगळे नमुने दाखवण्यात आले. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “सर, म्या ह्यात लई म्हातारा दिसायलोय. काळ्याचं ऱ्हाऊ द्या, त्येवढं बघा की!”

पण भावजींचा खरा जीव करड्यात. “करड्यानं कुणाच्याच पंगतीला बसायचं न्हाई,” ते बजावत. “ना तांबड्याच्या, ना हिरव्याच्या, ना निळ्याच्या.” प्रिंटर बनवणाऱ्यांनी ठरवून दिलेला मधला करडा मात्र त्यांना पिवळट वाटे. म्हणून संगणकाच्या पडद्यावर तो किंचित निळ्याकडे सरकवून त्यांनी स्वतःचा मध्य ठरवला होता, आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान होता. त्या मध्यावर साधलेले पहिले चित्र वन्संचे: संक्रांतीला नेसलेली जुनी चंद्रकळा, काळ्या पदरावरची बारीक खडी, हातात तिळगुळाची वाटी, आणि “आटपा लवकर” म्हणणारे डोळे. ते प्रिंटरच्या वर लागले. पुढच्या संक्रांतीला वन्सं नव्हत्या.

त्यानंतर भावजी अधिकच छापू लागले. धाराशिवच्या एका सभागृहात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन ठरले, तेव्हा कधी नव्हे ते नातेवाइकांनाही वाटले, की माणसाने काहीतरी केले. आयुष्यभराच्या हट्टाला चार लोकांत मान मिळण्याची ती एकच संधी होती. सारी चित्रे छापून तयार होती. मधल्या काळात डॉक्टरांच्या आग्रहाखातर त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. पट्टी सुटल्यावर मी त्यांना घरी घेऊन आले. ते भिंतीवर लावलेल्या चित्रांसमोर उभे राहिले आणि ओरडलेच, “वहिनी, हे सगळं निळं कुणी केलं?”

आधी शाईवर आळ आला, मग कागदावर, मग ट्यूबलाइटवर. चित्रे अंगणात गेली. तिथे भावजींनी एकदा डावा डोळा झाकला, एकदा उजवा. “नवा म्हणतो निळं, जुना म्हणतो बरोबर,” ते पुटपुटले. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळे पडते, हे डॉक्टरांनी सांगितलेच होते; त्याचा अर्थ आता अंगणात पसरला होता. पिवळ्या भिंगातून पाहणाऱ्या माणसाने इतकी वर्षे निळा घालून पिवळ्याची भरपाई केली होती. ते माझ्याकडे वळले. “तुम्ही सांगा. तुमचे डोळे चांगले आहेत. मला बरं वाटावं म्हणून बोलू नका.”

उभ्या आयुष्यात मी कुणाच्या मताला विरोध केलेला नाही. मी म्हणाले, “निळसर आहे, भावजी.”

मला वाटले, आता हे प्रदर्शन रद्द करतील. त्यांनी डाव्या डोळ्यावर रुमाल बांधला, माठावरचे फडके ओले केले आणि म्हणाले, “चला. धनगरापासून सुरू करू. रंगाचा शेवटचा शब्द तुमचा.”

एका डोळ्याचा गुरू आणि घाबरट शिष्या अशा आम्ही दोघांनी सारे प्रदर्शन नव्याने छापले. करडा कुणाच्याच पंगतीला बसला नाही. सभागृहात बेंबळीचा तो म्हातारा स्वतःसमोर उभा राहिला, त्याने काचेवर हात टेकवला आणि मान न वळवता म्हणाला, “सर, ह्या घोंगडीत हात घालावा वाटायलाय.” भावजींनी माझ्याकडे पाहिले. अशा पाहण्याची सवय नसल्याने मी पायांकडे पाहू लागले. पण त्या दिवशी मला माझ्या पायांचासुद्धा अभिमान वाटला.

एकच चित्र आम्ही पुन्हा छापले नाही. ते घरीच, प्रिंटरच्या वर होते. भावजी दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलत राहिले, आणि आम्ही सारे त्यांच्या हट्टी स्वभावाला बोल लावत राहिलो. अखेर दवाखान्यात निघण्याचा दिवस आला. त्यांची पिशवी घेऊन मी दारात उभी होते. ते चंद्रकळेसमोर उभे राहिले, नवा डोळा तळहाताने झाकला आणि जुन्याने बराच वेळ पाहिले.

“या डोळ्याला ती बरोबर दिसते,” ते म्हणाले.

“भावजी, मी नवा प्रिंट काढून देईन. सरळ करड्यात.”

“काढा की. पण हा उतरवू नका.”

आता त्यांचे दोन्ही डोळे स्वच्छ आहेत. माझा प्रिंट त्यांनी उन्हात, खिडकीपाशी आणि ट्यूबलाइटखाली तपासून पास केला. तो बैठकीत आहे. प्रिंटरच्या वर मात्र अजून जुनाच आहे. परवा एक जाणकार पाहुणे आले होते. ते त्या चित्रासमोर थबकले आणि संकोचाने म्हणाले, “सर, हे जरासं निळ्याकडे झुकलंय का?”

निळ्याच्या एवढ्याशा छटेसाठी कागदांचे गठ्ठे फाडणारे भावजी माठावरचे फडके ओले करत होते. त्यांनी ते पिळले, नीट गुंडाळले, आणि म्हणाले, “व्हय. तेवढं राहू द्या.”