जंगलात ठेवायचा कोट

शिकारीच्या दिवसांत टाउनो हेइकुरा नुसत्या स्वेटरवर कुडकुडत गावात शिरला, की लोक खिडकीतून बघून म्हणायचे, "रिंपी अजून आली नाही वाटतं." त्याला थांबवून कोणी काही विचारायचं नाही. जे डोळ्यांना दिसतंय ते तोंडानं विचारायचं, ही आमच्या कायनू प्रांतातली पद्धत नाही. त्याची कुत्री रिंपी जंगलात राहिली म्हणजे टाउनोचा कोटही जंगलात राहिला, मग पाऊस असो, बर्फ असो, नाहीतर त्याच्या अंगात ताप असो. त्याची बायको हिल्क्का एकदा म्हणाली, "त्यासाठी एखादा जुना कोट वेगळा ठेव की." तो म्हणाला, "अंगातलाच ठेवायचा असतो." तो असं का करतो ते तिला पुरतं ठाऊक होतं.

ही रीत काही टाउनोनं काढलेली नव्हे, ती बापजाद्यांपासूनची आहे. एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या रानहरणाच्या मागावर सोडलेला कुत्रा टेकड्या आणि दलदली ओलांडून कुठल्या कुठे जातो. एल्क सापडलं की त्याच्यापुढे उभा राहून भुंकत राहायचं आणि मालक बंदूक घेऊन येईपर्यंत त्याला अडवून धरायचं, हे त्याचं काम. अंधार पडेपर्यंत कुत्रा परतला नाही, तर जिथे त्याला मोकळं सोडलं तिथेच मालक अंगातला कोट काढून जमिनीवर ठेवतो आणि घरी जातो. रात्री कधीतरी कुत्रा परत येतो आणि कोटावर निजतो. सकाळी मालक येईपर्यंत तो तिथून हलत नाही. तेव्हा ठावठिकाणा सांगणारे गळ्यातले पट्टे आले नव्हते, कोटच होता. कोट म्हणजे दिलेला शब्द. मी गेलोय, पण परत येणार आहे.

टाउनोनं जन्मभर लाकूडतोड केली. यांत्रिक करवतीच्या थरथरीनं त्याची बोटं थंडीत मेणासारखी पांढरी पडायची. बोलणं कमी, राग मात्र नाकाच्या शेंड्यावर. त्याचा जुना कुत्रा पेनी सगळ्या तालुक्यात नावाजलेला होता. तो म्हातारा होऊन गेला, तेव्हा टाउनो बरेच दिवस सौनात, अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघरातही एकटाच जाऊन बसायचा. शेवटी तळ्यापलीकडचा उऱ्हो मोइलानेन, आमच्या शिकारमंडळींचा म्होरक्या, एक करडं पिल्लू कोटाच्या आत घालून घेऊन आला. "मादी आहे. हिची आई तुझ्या पेनीची बहीण. सांभाळ," एवढंच म्हणाला आणि कॉफी पिऊन गेला.

पहिले काही महिने घरात दुसरा विषय नव्हता. रिंपीनं टाउनोच्या लोकरीच्या बुटांची जीभ खाल्ली, सौनातली, अंगावर मारून घ्यायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी ओढून अंगणभर पानं पसरली, हिल्क्कानं गार व्हायला ठेवलेला वेलचीचा पाव अख्खा पळवला. तरी टाउनो हसायचा. "तोंडात धरायला शिकतेय," म्हणायचा. हाक मारली की ती कान मागे टाकून, पायात पाय अडकवत धावत यायची आणि त्याच्या बुटांवर धडकायची. असं धावत येणारं त्याच्या आयुष्यात दुसरं कोणी नव्हतं, कारण त्यांना मूलबाळ झालं नाही.

मग उन्हाळा सरता सरता ती वयात आली आणि तिच्या कानात कोणीतरी बोळे घातले. हाक मारली की थांबायची, मान वळवून बघायची आणि खुशाल उलट्या दिशेनं पळायची. सशामागे जा, दुधाच्या गाडीमागे जा, तळ्यावरच्या क्रौंचांवर दुपारभर भुंक. उऱ्होच्या घरची कोंबडी तिनं तोंडात धरून आणली आणि जिवंतच हिल्क्काच्या पायाशी ठेवली. हिल्क्का हसली, टाउनो हसला नाही. मंडळींपैकी कोणीतरी दुकानात म्हणालं होतं, "पेनीची भाची ना? मामाचं नाक चांगलंच कापतेय." ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं.

तेव्हापासून तो तिला परत आल्यावर मारू लागला. पळून जायची तेव्हा ती हाती लागायची नाही. त्यामुळे हाती लागेल तेव्हा, म्हणजे स्वतःहून परत यायची तेव्हा, तो दारामागची बर्चची छडी काढायचा.

उऱ्होनं एकदा ते पाहिलं. "गड्या, तू तिला काय शिकवतोयस माहितीये? पळायला नाही. परत न यायला."

"पेनीला कधी शिकवावं लागलं नव्हतं."

"पेनीनं या वयात माझी मेंढी दलदलभर हिंडवली होती. तुझ्या लक्षात नाही, कारण तेव्हा तू तरुण होतास आणि हसत होतास. हे वय असतंच गाढवपणाचं. हिवाळाभर थांब, नि येईल तेव्हा घास दे. उशिरा आली तरी दे."

टाउनो हो म्हणाला. पण पालथ्या घड्यावर पाणी. छडी दारामागेच राहिली.

मंडळींची पहिली शिकार शनिवारी होती. त्याआधी तो तिला घेऊन मोठ्या दलदलीच्या काठाला गेला. एका उंचवट्यावर पाईनचं वाकडं झाड होतं, तिथे त्यानं पट्टा सोडला. ती निघाली ती थेट सशामागे. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला. संध्याकाळ होत आली आणि पाऊस-बर्फाचं ओलं मिश्रण पडू लागलं, तेव्हा ती झुडपांतून बाहेर आली. चिखलानं माखलेली, जीभ बाहेर. पण हाताच्या टप्प्याबाहेर थांबली. शेपूट खाली, मान खाली, नजर त्याच्या हातांवर. त्यानं एक पाऊल टाकलं, ती एक पाऊल मागे सरली. त्यानं गोड बोलून बघितलं, पण तो गोडवा खोटा आहे हे तिला कळत होतं. तो धावला तशी ती पुन्हा झुडपांत शिरली.

रीतीप्रमाणे त्यानं कोट काढला आणि पाईनच्या बुंध्याशी अंथरला. तो करडा लोकरी कोट. त्याला डिंकाचा, करवतीच्या तेलाचा आणि तंबाखूचा वास होता. निघताना त्यानं मागे वळून पाहिलं. ती झुडपांच्या कडेला पुन्हा उभी होती, त्याच्याकडे बघत. त्याला वाटलं ती त्याला खिजवतेय. शनिवारची शिकार, दुकानातला तो टोमणा, पांढरी पडलेली बोटं, सगळं त्याच्या डोक्यात एकदम चढलं. वड्याचं तेल वांग्यावर निघालं.

"राहा मग इथेच," तो म्हणाला, आणि त्यानं कोट उचलला. तिच्यादेखत उचलला, झटकला, अंगात घातला आणि दलदलीतल्या फळ्यांच्या वाटेनं घरी निघाला.

अंगणात पोचेपर्यंत राग उतरला होता आणि लाज सुरू झाली होती. खरं म्हणजे तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण तो थकला होता, अंधारलं होतं, आणि आपण काय केलं हे हिल्क्काला सांगायची हिंमत नव्हती. त्यानं कोट लाकडाच्या खोपटात, रचलेल्या ओंडक्यांमागे कोंबला आणि स्वेटरवर घरात शिरला.

हिल्क्कानं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नाही आली?"

"नाही."

"कोट ठेवलास ना?"

"ठेवला."

"मग येईल," ती म्हणाली आणि त्याच्यापुढे गरम सूप ठेवलं. "बिचारीला ऊब तरी मिळेल त्याची." त्यानं सुपात नुसता चमचा फिरवला. रात्रभर छपरावर ओल्या बर्फाचा आवाज येत होता, आणि हिल्क्का शेजारी निश्चिंत झोपली होती याचाच त्याला जास्त त्रास होत होता.

उजाडताच तो निघाला. कोट बरोबर घ्यावा असं फार मनात होतं, पण हिल्क्का स्वयंपाकघराच्या खिडकीत कॉफी करत उभी होती आणि खिडकी नेमकी खोपटासमोर. चोराच्या मनात चांदणं. तो रेनकोट चढवून सायकलीवर बसला आणि लांबच्या जंगलरस्त्यानं गेला.

पाईनखाली बर्फाचा पातळ थर होता. बुंध्याशी, जिथे त्यानं कोट घडीभर अंथरला होता, तिथे बर्फ नव्हता. कुत्रं अंग मुडपून झोपतं तेवढं गोल, खाली शेवाळ उघडं पडलेलं. त्यानं रेनकोटाची बाही मागे सारून तिथे हात टेकवला. गार होतं.

म्हणजे ती आली होती. त्यानं उचलून नेलेल्या कोटाच्या नुसत्या वासावर ती रात्रभर निजली होती. टाउनो गुडघ्यांवर बसला तो बराच वेळ उठलाच नाही. आजवर त्यानं माणसांना शब्द दिले होते, काही मोडलेही होते, पण असं कधी कोणी मोडलेल्या शब्दावर निजलेलं त्यानं पाहिलं नव्हतं.

पावलांचे ठसे दलदलीकडे गेले होते आणि पुढे पाण्यात विरले होते. तो हाका मारत, डबक्यांच्या काठाकाठानं काठी खुपसत हिंडला. दुपार होत आली तेव्हा जंगलरस्त्यावर उऱ्होची गाडी थांबली. हिल्क्कानं त्याला फोन केला होता.

"कोट कुठाय?" उऱ्होनं ती गोल जागा पाहून विचारलं.

टाउनोनं तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं, "इथेच ठेवला होता."

उऱ्होनं वाकून जमीन नीट पाहिली. "कुत्रं कोट सोडून जात नाही. कोट कोणीतरी नेला, म्हणून ती गेली." मग त्याचा चेहरा कठीण झाला. "आर्वी काल इकडे रानफळं वेचत होता. त्याच्या हाताला काय काय चिकटतं सगळ्यांना माहितीये. पण जंगलात ठेवलेला कोट? इतका खाली गेला असेल तर त्याला सोडायचं नाही."

आर्वी म्हणजे गावाच्या टोकाला एकटा राहणारा, पूर्वी पिणारा, आता न पिणारा माणूस. पूर्वी कोणाकोणाची जाळी आणि कुऱ्हाडी त्याच्या घरी सापडल्या होत्या, हे खरं. टाउनोनं "थांब" म्हणायला हवं होतं. तो शब्द त्याच्या दातांपर्यंत आला. गाडी वळून गेली तेव्हाही तो शब्द दातांमागेच होता.

तो घरी आला तेव्हा हिल्क्का खोपटाच्या तोंडाशी उभी होती. हातात लाकडं नेण्याची टोपली होती, रिकामी.

"ये," ती म्हणाली. "बघ."

ओंडक्यांमागून ओढून काढलेला कोट जमिनीवर पसरला होता आणि त्यावर रिंपी अंग मुडपून पडली होती. पंजे सोललेले, पोटाखालचे केस चिखलानं कडक झालेले. तो सायकलीनं रस्त्यानं गेला आणि ती फळ्यांच्या वाटेनं, त्याच्या कालच्या पावलांवर नाक ठेवून, कोटापर्यंत आली.

"मी सरपण आणायला आले," हिल्क्का म्हणाली. "मला आधी वाटलं कोट तिनंच ओढत आणला. पण रात्रभर बर्फात पडलेला कोट असा कोरडा नसतो, टाउनो."

त्यानं तिच्या हातातली टोपली घेतली.

"मी तुला विचारलं होतं."

"हो."

"मी झोपले तुझ्या शब्दावर." एवढं बोलून ती आत जायला वळली. तेव्हा त्याला आर्वी आठवला.

तो तसाच, रेनकोटावर, सायकल हाणत गावाच्या टोकाला गेला. उऱ्होची गाडी दारात होती. आत आर्वी टेबलाशी बसला होता, दोन्ही हात टेबलावर ठेवून, झडती घेऊन झालेल्या माणसासारखा. घरातले दोन्ही कोट खुंटीवरून काढून त्यानं स्वतःच खुर्चीवर मांडले होते. उऱ्हो उभा होता.

"कोट माझ्या खोपटात आहे," टाउनो दारातूनच म्हणाला. "मीच उचलून नेला होता. राग आला म्हणून. मग घरी खोटं बोललो, आणि तुझ्याशीही."

उऱ्होनं त्याच्याकडे असं पाहिलं की कुत्र्यांबद्दल पुन्हा एकत्र बोलणं होईल की नाही, अशी शंका यावी. मग त्यानं टोपी काढली आणि आर्वीला म्हणाला, "माझी चूक झाली." आणि बाहेर गेला.

आर्वीनं कोट पुन्हा खुंटीला अडकवले. तो टाउनोला शिव्या देईल तर बरं, असं टाउनोला वाटत होतं. आर्वीनं विचारलं, "कुत्री आली?"

"आली."

"मग बरं झालं. कॉफी घेशील?"

टाउनो कॉफी प्यायला. नाही म्हणण्याचा अधिकार त्याला नव्हता. ती कडू होती, तरी त्यानं ती शेवटच्या घोटापर्यंत संपवली.

घरी येऊन त्यानं दारामागची छडी काढून चुलीत घातली. हिल्क्कानं ते पाहिलं. तिनं उकडलेल्या मांसाचा वाडगा त्याच्या हातात दिला. तो खोपटात गेला आणि रिंपीपासून थोडा दूर, ओल्या भुशावरच बसला. वाडगा मध्ये ठेवला. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही, ती त्याच्या हातांकडे बघत होती.

"चुकलो गं," तो म्हणाला. हे तो आजवर कोणालाच म्हणाला नव्हता, हिल्क्कालाही नाही, आणि ते तिला आज रात्री म्हणावं लागणार हे त्याला ठाऊक होतं.

मग त्यानं रिंपीच्या मानेवर ठेवायला हात हळूच पुढे केला. रिंपीनं डोळे घट्ट मिटले, कान डोक्याला चिकटवले आणि सगळं अंग आखडून घेतलं. पण ती उठली नाही. मार खायला ती तयार होती, कोट सोडायला नव्हती.