दोनाच्या रेघेवर

गल्लीत त्यांना सगळे पॉलिशकाका म्हणत. जन्मभर त्यांनी लोकांची कपाटं घासून चकचकीत केली आणि ती सगळी धूळ स्वतःच्या छातीत भरून घेतली. आता पलंगाशेजारी प्राणवायूचं यंत्र घरघरत असे. यंत्रावर काचेची उभी नळी आणि तिच्यात इवलीशी गोळी. बटण फिरवलं की गोळी वर चढायची. "दोनाच्या रेघेवर. त्याच्या वर नाही," असं नर्सताईंनी काकूंना बजावलं होतं. काकूंनी मान डोलावली, पण मनावर काही घेतलं नाही.

काकू शिवणकाम करणाऱ्या. शिवणीत दोन बोटं कापड जास्त सोडायचं, हा त्यांचा नियम. जास्त झालं तर आत दुमडता येतं, कमी पडलं तर कपाळाला हात! सगळा संसार त्यांनी याच हिशेबानं केला होता.

त्या दुपारी आंघोळ करून पलंगापर्यंत येता येता काकांना धाप लागली. खांदे वर चढले, ओठ निळसर झाले, डोळे काकूंवर खिळले. काकूंना ते बघवेना.

"अगं, वाढव ना जरा."

काकूंनी गोळी चारावर नेली.

हळूहळू धाप बसली. काका उशीला टेकले आणि गाढ झोपले. खोकला नाही की कण्हणं नाही. काकूंचा जीव भांड्यात पडला. पडद्यांची जोडी शिवता शिवता त्यांनी नर्सताईंना मनातल्या मनात चार शब्द सुनावलेसुद्धा. म्हणे दोनाच्या वर नाही!

चहा घेऊन उठवायला गेल्या, तर काका उठेनात.

"अहो! अहो, चहा!"

गाल लालबुंद, हात कढत. काकांनी डोळे अर्धवट उघडले. "कपाट ओलं आहे, हात लावू नका," असं काहीबाही बरळले आणि पुन्हा लवंडले. एका हातानं काकूंनी नर्सताईंना फोन लावला. दुसरा आपसूक बटणाकडे चालला होता.

"गोळी कुठे आहे?" नर्सताईंनी आधी हेच विचारलं.

"चारावर. अजून वाढवू का?"

"अजिबात नाही! दोनावर आणा, पण नळी काढू नका. मी गाडी पाठवते. अहो, यांच्या छातीत वापरलेली हवा साठून राहते. प्राणवायू जास्त झाला की ती आणखी साठते, माणूस गुंगतो. झोप नाही ती, काकू."

काकूंनी गोळी दोनावर आणली. आपण शिलाई मशीनवर बसून खूश होत होतो आणि इकडे माणूस हातातून निसटत होता.

काका वाचले. घरी आल्यावर म्हणाले, "वर पाठवायलाच निघाली होतीस की मला!" काकूंना हसू आलं नाही. आता त्यांना यंत्राजवळून जायचीही भीती वाटे. धाप लागली तर ओठांचा चंबू करून हळू फुंकर सोडायची, नाही बसली तर फोन करायचा आणि बटणाला हात लावायचा नाही, एवढंच नर्सताईंनी पुन्हा पुन्हा घोकून घेतलं होतं.

आणि एके सकाळी सदरा बदलताना धाप लागलीच.

"वाढव ना गं... पाया पडतो तुझ्या."

काकूंनी गोळी पाहिली. दोनावर होती. त्यांनी काकांचे दोन्ही हात घट्ट धरले, म्हणजे आपले हात तिकडे जायला नकोत.

"फुंकर सोडा. हळू. माझ्याकडे बघा."

काका वैऱ्याकडे बघावं तसे बघत होते. हात सोडवून घ्यायला धडपडत होते. काकूंना रडू फुटलं, पण त्यांनी हात सोडले नाहीत.