सुतारबाई

दवाखान्यातून आलेल्या बाईंच्या पिशवीत औषधं नाहीत, करवत आहे, हे बघून आमचे फॅक्टरीचे क्वार्टर्स चक्रावले. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या सासऱ्यांच्या पलंगाचे खूर कापून तो बुटका केला. "पाय जमिनीला टेकले तरच माणूस उठेल ना जी!" तेव्हापासून त्या सुतारबाई. लकव्यानं घरात अडकलेल्या म्हाताऱ्यांना पुन्हा चार माणसांत बसवायचं, हे त्यांचं काम. याचा पगारही मिळतो, याचं लोकांना भारी हसू यायचं.

लढाईचे दिवस होते. फॅक्टरीत डबल शिफ्ट, हे घरी फक्त झोपायला येत. खिडक्यांना काळे कागद. मामंजी जन्मभराचे फिटर, आता उजवं अंग लुळं. दवाखान्यातून आले तेव्हा डाव्या हातानं कठडा धरून जिना चढले ते चढलेच; उतरताना तोच कठडा लुळ्या हाताकडे येई. खाली दोस्तांचा पत्त्यांचा डाव रंगला की ते काळ्या कागदाला कान लावून बसत. मला ते बघवत नसे.

बाईंनी बुटाचा ब्रश उलटा ठेवला आणि त्याच्या केसांत पत्ते खोचून दाखवले. एका हातानं खेळायची सोय झाली. मग म्हणाल्या, "आता उलटे उतरा, बाबूजी. तोंड जिन्याकडे. कठडा डाव्या हाताला येते."

मामंजी भडकले. "दोस्तांसमोर लेकरासारखा उतरू? त्यापेक्षा इथंच मरतो मी."

बाईंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी खाली तिन्ही दोस्त जिन्याकडे पाठ करून बसलेले. "कोणी पाहून नाही राहिलं," बाई म्हणाल्या. मामंजी उतरले. "पत्ते बाँटो, यार!" असं ते गुरगुरले, तेव्हाच दोस्त वळले. मला रडू आवरेना.

"बसा बाई, एक डाव खेळा," मामंजी म्हणाले.

"नाही जी. घरी आईला कुलपात ठेवून आली मी. दार उघडं राहिलं की निघते, अन् घर कुठं ते तिला सांगता येत नाही."

मामंजींनी पत्ते खाली ठेवले. मग दोस्तांकडे बघून म्हणाले, "चलो, उद्यापासून डाव बाईंच्या दारात. चौघं आडवे बसलो तर म्हातारी जाईल कुठून?"

तसंच झालं. जखमी जवान येऊ लागले, बाई दिवसदिवस वॉर्डात असत; आणि त्यांच्या उघड्या दारात आजी या चौघांचे पत्ते पिसून देत असे.

लढाई संपली, बाईंची बदली झाली. नव्या गावात त्यांच्या दारात डाव मांडणारं कुणी भेटलं, का पुन्हा कुलूपच आलं, देव जाणे.